मधुकरी, बोर्डिंग, पोर्टल

महाराष्ट्रात गरीब विद्यार्थ्याला झालेल्या मदतीचा इतिहास बहुधा दात्यांच्या नावांनी सांगितला जातो. पेशव्यांनी दक्षिणा वाटली, जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली, सयाजीरावांनी हुशार मुलांना परदेशी पाठवले, शाहू महाराजांनी बोर्डिंगे उघडली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. या नामावळीत खोटे काही नाही. पण मदत होती तर ती कोणापर्यंत पोचली आणि कोणापर्यंत पोचली नाही, हा प्रश्न तिच्यातून निसटतो. गेल्या दोनशे वर्षांचा पुरावा पाहिला तर विद्यार्थ्याला फुकट म्हणून दिलेली गोष्ट सहसा पुरती फुकट नसते असे दिसते. जेवण, निवारा, फीमाफी, शिष्यवृत्ती, इतकेच काय नुसती माहिती मिळवायलासुद्धा गाठीला आधीच काहीतरी असावे लागते: अमुक जात, अमुक भाषा, एखादा ओळखीचा माणूस, एखादा दाखला. मदत किती रुपयांची होती यापेक्षा तिच्या दारावरची ही अट कोणती होती, यावरून ती मदत कोणाची हे ठरत आले आहे. ज्यांनी ही अट हलकी केली, त्यांच्यामुळेच महाराष्ट्रात शिक्षणाचा परीघ वाढला, असे मला दाखवायचे आहे.

सर्वांत जुनी सोय मधुकरीची आणि वाराची. कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला मुलगा पाच घरी शिजलेले अन्न मागून आणी, किंवा आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून जेवे. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या आरंभीच्या कितीतरी नामांकित माणसांची विद्यार्थिदशा अशी वारावर निघाली. या सोयीला ना निधी लागत होता, ना कचेरी, ना अर्ज; गृहिणींच्या चुलीवर ती चाले. अशा मुलांना एका छपराखाली आणण्यासाठी 1909 मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच पुढचे पुणे विद्यार्थी गृह. वाराच्या या व्यवस्थेचे कौतुक व्हायलाच हवे, कारण आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा ती सुटसुटीत होती. पण ज्याच्या हातचे अन्न आणि ज्याला दिलेले अन्न चालते अशाच घरांमध्ये ती फिरे. ब्राह्मण मुलाला ती फुकट होती. कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला ती कितीही पैसे मोजून मिळणारी नव्हती. मागायला जाताना गिळावा लागणारा अपमान वेगळाच. आणि हा अपमान सोसण्याची संधीसुद्धा जातीने वाटलेली होती.

दक्षिणेचे तसेच. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांकडे आली आणि पुण्यात मोठ्या प्रमाणावर वाटली जाऊ लागली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तिला एकदम हात लावला नाही. त्याच निधीचा काही भाग वळवून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. 1849 मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वापरावा असा अर्ज सरकारकडे केला, तेव्हा पुण्यात मोठे काहूर उठले. अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. त्यातून 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली, पुढे कॉलेजातल्या दक्षिणा फेलोशिप आल्या, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारखे विद्वान त्यांवर वाढले. म्हणजे पैसा तोच राहिला आणि अट बदलत गेली: आधी वेदशास्त्र, मग संस्कृत, मग मराठी ग्रंथरचना आणि इंग्रजी विद्या. प्रत्येक बदलाने दार थोडे रुंद झाले, पण उंबरठ्यावर बसलेली माणसे फारशी बदलली नाहीत. फुल्यांनी 1855 मध्ये आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक याच कमिटीकडे पाठवले आणि ते नाकारले गेले. कमिटीतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढे युरोपियनांचे चालले नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले आणि जातीच्या जागी परीक्षा ही अट आली. आता गुण बोलतील, कूळ नाही, असे वाटावे अशी ही व्यवस्था. पण 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी तिचे मर्म उघडे केले. स्पर्धेने शिष्यवृत्त्या देणे तत्त्वतः न्याय्य दिसले, तरी ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांनाच त्यामुळे उत्तेजन मिळते, इतरांत शिक्षण पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या शिक्षणात मागे असलेल्यांसाठी राखून ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे किती नेमके होते, ते संस्कृतच्या उदाहरणावरून कळते. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोत्तम ठरणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती हा त्या काळचा मोठा मान होता; 1912 मध्ये चिंतामणराव देशमुखांनी ती मिळवली. कागदोपत्री ती सर्वांना खुली होती. पण त्याआधी पाचच वर्षे, 1907 मध्ये, मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेऊ दिले नव्हते. त्यांना फारसी घ्यावी लागली. शिष्यवृत्तीच्या नियमात जातीचा उल्लेख नसेल, पण तिच्याकडे जाणारी वाट ज्या वर्गातून जात होती त्या वर्गाच्या दारात जात उभी होती.

ज्यांना जात आडवी येत नव्हती, त्यांनाही अंतर आणि अज्ञान आडवे येई. धोंडो केशव कर्वे कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून, पायी, सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी साताऱ्याला गेले. तिथे सतरा वर्षांचा दिसत नाहीस म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. ‘आत्मवृत्ता’तला हा प्रसंग जिद्दीचे उदाहरण म्हणून शाळांतून सांगितला जातो, आणि जिद्द त्यात आहेच. पण तो व्यवस्थेचाही दाखला आहे. परीक्षा कुठे, कधी, वयाचा पुरावा काय, वाद झाला तर दाद कोणाकडे मागायची, यांतले काहीही मुरूडमध्ये सांगणारे कोणी नव्हते. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या वकिलाच्या मुलाला हे सगळे घरबसल्या कळत होते. कर्वे पुढच्या खेपेला कोल्हापुरात परीक्षेला बसून पास झाले, 1884 मध्ये पदवीधर झाले आणि पुढे स्त्री-शिक्षणाचा डोंगर उचलला. पण त्या घाटातून परतल्यावर पुन्हा न निघालेल्या मुलांची नोंद कुठल्याही आत्मचरित्रात सापडणार नाही.

माहिती आणि मध्यस्थ यांची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती आनंदीबाई जोशी यांच्या कहाणीत. परदेशातले कॉलेज शोधणे, अर्ज करणे, पैशाची तजवीज करणे, हे सगळे त्यांच्यासाठी टपाल खात्यात कारकून असलेल्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, पत्रे लिहून केले. 1878 मध्ये गोपाळरावांनी कोल्हापुरातून अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. उत्तर आले ते ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या सल्ल्याचे, आणि हा पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या मिशनरी मासिकात छापला गेला. तो अंक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर यांच्या हाती दंतवैद्याकडे बसल्या बसल्या पडला, त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले, आणि त्या ओळखीवर 1883 मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश आणि शिष्यवृत्ती दिली. 11 मार्च 1886 रोजी त्या डॉक्टर झाल्या. महाविद्यालय होते, शिष्यवृत्तीही होती. मधले अंतर मात्र इंग्रजी पत्र लिहिता येणे, अपमानकारक अट नाकारण्याचा बाणा आणि एक निव्वळ योगायोग यांनी भरून काढले. धर्मांतराची अट मान्य केली असती तर मदत कदाचित लवकर मिळाली असती. त्या मदतीलाही लोक फुकटच म्हणाले असते.

आंबेडकरांच्या बाबतीत योगायोगाची जागा एका माणसाने घेतली. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईत शिक्षक होते, लेखक होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले; मॅट्रिकनंतरच्या सत्कारात त्यांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले; आणि पैशाअभावी कॉलेज थांबण्याची वेळ आली तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याचे नाव पोचवले. दरमहा 25 रुपयांची मदत सुरू झाली. 1913 मध्ये त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांसाठी. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पुढे त्या करारापोटी बडोद्यात गेलेल्या, अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसाला राहायला जागासुद्धा मिळाली नाही. सयाजीरावांची दानत निर्विवाद आहे. पण त्यांच्या दातृत्वाचे दार केळुसकरांनी ठोठावले होते, आणि मुंबईतल्या सगळ्या चाळींतून हुशार मुले हेरत फिरायला केळुसकर एकटेच होते.

इथे एक आक्षेप येईल: माहिती, मध्यस्थ, अटी यांचे एवढे स्तोम कशाला? खरी अडचण दारिद्र्याची होती. पैसा असता तर बाकीचे आपोआप झाले असते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. फी, पुस्तके, खोलीभाडे यांच्यापुढे हजारो मुले थबकली, यात शंका नाही. पण पैसा उपलब्ध असूनही तो ठरावीक घरांतच फिरत राहिला, हेच तर दक्षिणेच्या इतिहासाने दाखवले. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती सुरू केली, ती जातधर्म न पाहता; तिचा लाभ साहजिकच पदवीपर्यंत पोचलेल्यांनाच घेता आला, आणि तिथवर पोचणेच ज्यांना अशक्य होते त्यांना ती दिसलीसुद्धा नाही. पैसा नसेल तर मदत होत नाही हे खरे. पैसा आला की ती योग्य हाती पोचतेच, हे मात्र खरे नाही.

हे ओळखून मदतीचा घाटच बदलला तो कोल्हापुरात. शाहू महाराजांनी 18 एप्रिल 1901 रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग निघाले. मग मुस्लिम, लिंगायत, नामदेव शिंपी, दैवज्ञ, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. दोन दशकांत वीसच्या आसपास वसतिगृहे उभी राहिली. बोर्डिंगची खुबी नुसत्या छपरात नव्हती. खेड्यातल्या पाटलाला आपल्या जातीचे घर शहरात आहे हे कळले की मुलगा पाठवायची भीती ओसरे. तिथला अधीक्षक मुलाचे नाव शाळेत घाली, फीमाफीचा अर्ज लिही, परीक्षेची तारीख सांगे. वरच्या वर्गातली मुले खालच्यांना वाट दाखवत. केळुसकरांनी एका मुलासाठी जे केले, ते इथे रोजचे काम झाले. संस्थानाने इमारती, जमिनी आणि अनुदान दिले, त्या त्या समाजाने वर्गणी आणि माणसे दिली. 1902 च्या 50 टक्के राखीव जागांच्या हुकमाकडे इतिहासकारांचे लक्ष जास्त जाते, पण त्या जागांवर बसायला शिकलेली मुले कुठून यायची, या प्रश्नाचे उत्तर ही बोर्डिंगे होती.

जातवार वसतिगृहांनी जात घट्ट केली, हा त्यांच्यावरचा जुना आरोप. तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण आजही अनेक शहरांत समाजाची वसतिगृहे हीच राजकारणाची पहिली शाळा असते. तरी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. सर्वांना खुल्या वसतिगृहाचा प्रयोग कोल्हापुरात आधी झाला होता. तिथे ब्राह्मणेतर मुले टिकली नाहीत. खुले दार आणि मोकळे दार यांतला फरक महाराजांनी त्यावरून ओळखला. दुसरे असे की याच बोर्डिंगांतून पुढचा टप्पा निघाला. दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 पासून साताऱ्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवणारे वसतिगृह चालवले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे नामकरण छत्रपती शाहू बोर्डिंग असे झाले. जातीचे बोर्डिंग हा मुक्काम नव्हता, मधला थांबा होता. पण तो थांबा नसता तर खेड्यातली मुले पुढच्या वाटेला लागलीच नसती.

भाऊरावांचे वेगळेपण सहभोजनाइतकेच ‘कमवा आणि शिका’ या सूत्रात आहे. मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावेत, स्वयंपाक करावा आणि शिकावे; गावोगाव मूठमूठ धान्य जमवून बोर्डिंग चालावे; पैसे संपले तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडावेत. साताऱ्यात 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर निघाले. फुकट दिल्याने माणूस मिंधा होतो, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. माझ्या दृष्टीने त्यातला अधिक महत्त्वाचा भाग असा, की मदतीची अट काही ना काही राहणारच असेल, तर ती श्रमाची असावी. गरिबाच्या मुलाकडे दुसरे काही नसले तरी दोन हात असतात. अर्थात यालाही मर्यादा आहे. दिवसभर राबून रात्री अभ्यास करणाऱ्या मुलाची स्पर्धा दिवसभर अभ्यास करणाऱ्याशीच असते, आणि हा भार श्रीमंताच्या मुलावर कधीच पडत नाही. रयतेने अट न्याय्य केली. तिने ती नाहीशी केली असे म्हणता येणार नाही.

ती नाहीशी करण्याचा प्रयत्न दातृत्वाकडून हक्काकडे वळण्याने झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारकडून निधी मिळवला आणि 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ज्याला स्वतःला एका केळुसकरांची वाट पाहावी लागली, त्याने पुढच्या मुलांवर ती वेळ येऊ नये अशी तजवीज केली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची मुंबई आणि औरंगाबादची कॉलेजे त्याच विचाराचा विस्तार होता. 1959 मध्ये यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफी आली आणि ‘ईबीसी’ हा शब्द घराघरात पोचला. आता मुलाला कोणाच्या दारात उभे राहायचे नव्हते. नियमात बसला की त्याचा हक्क होता. विद्यार्थी-मदतीच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण. पण नियमात बसतो हे सिद्ध करायचे कसे? उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पुढे जात पडताळणी, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर. जातीची, भाषेची, ओळखीची अट मागे पडली आणि कागदाची अट पुढे आली.

आज ही मदत महाडीबीटी नावाच्या पोर्टलवर एकवटली आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजना आहेत, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फीची संपूर्ण सवलत आहे. सगळी माहिती मोबाइलवर, कुणालाही, फुकट. मग आता मध्यस्थाचे काय काम, असे विचारले जाते. हा युक्तिवाद 1882 मध्ये फुल्यांनी खोडून काढलेलाच आहे, फक्त स्पर्धा-परीक्षेच्या जागी पडदा आला आहे. फॉर्म सर्वांसाठी सारखाच उघडतो, पण ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजात गेले आहे त्याला अर्जाची मुदत, बँक खात्याशी जोडलेले आधार, कॉलेजच्या कारकुनाकडे अडकलेला अर्ज, परत आलेल्या अर्जातली त्रुटी यांचा अर्थ कळतो. पहिल्या पिढीतल्या मुलीला त्यासाठी सेतू केंद्रात पैसे मोजावे लागतात आणि रोजगार बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. यवतमाळच्या बाजूला सुरू झालेल्या एकलव्यसारख्या संस्था आज पहिल्या पिढीतल्या मुलांना विद्यापीठे शोधण्यापासून अर्ज लिहिण्यापर्यंत हात देतात, पुण्यात 1955 पासून चालणारी विद्यार्थी सहायक समिती खेड्यातल्या मुलामुलींना राहायला जागा देते. पोर्टल असूनही त्यांच्या दारात रांग असते, हाच या युक्तिवादाचा पराभव आहे.

पोर्टल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. दलाल आणि परस्पर हडप होणारा पैसा यांना आळा घालण्याची त्यात ताकद आहे, आणि वाराच्या जेवणातला अपमान त्यात नाही. पण शाहू महाराजांनी निधी मंजूर करून काम संपले असे मानले नाही. मुलाचा हात धरणारा अधीक्षक त्यांनी नेमला. हक्काच्या युगात आपण निधी वाढवला आणि अधीक्षक मात्र काढून टाकला. म्हणून नवी योजना जाहीर झाली की तिची रक्कम विचारण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत: तिचा लाभ घ्यायला विद्यार्थ्याकडे आधीच काय असावे लागते, आणि ते नसेल तर ते मिळवून देण्याची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात, दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत, मुलांचे अर्ज भरून देणे हेच ज्याचे पगारी काम आहे असा एक माणूस नेमायला लागणारा खर्च शिष्यवृत्त्यांच्या तुलनेत किरकोळ आहे. हे काम स्वयंसेवकांच्या चांगुलपणावर सोडले, तर हक्क पुन्हा योगायोगाच्या हवाली होईल, आणि दोनशे वर्षांचा हा प्रवास योगायोगापासून सुटण्यासाठीच होता.